अर्ध्यावरचा रिमोट

शिट्टी वाजली आणि मी हात पुढं केला.

सुयशनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्याचे दोन्ही अंगठे रिमोटवर होते आणि डोळे पार पलीकडच्या कोपऱ्यात, जिथं आमचा बंड्या एका पिवळ्या ठोकळ्याला पकडायच्या खटपटीत होता. बंड्या म्हणजे आमचा रोबो. मी म्हणाले, "सुयश, दे." त्यानं ठोकळा उचलला, पेटीपर्यंत आणला, आत टाकला आणि रिकाम्या पंजानं परत त्याच कोपऱ्याकडं निघाला. मी पुन्हा ओरडले तेव्हा कुठं रिमोट माझ्या हातात आला. गरम आणि घामानं ओला.

मी बंड्याला वळवलं. चढ मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होता. तिथवर जाऊन नाक सरळ करेपर्यंत विराजनं शेवटची शिट्टी फुंकली. पुढची दोन चाकं चढावर, मागची दोन फरशीवर.

"चढ गेला," असं म्हणून विराजनं फळ्यावर माझ्या नावापुढं फुली मारली. सुयशच्या नावापुढं त्यानं पेटीतल्या ठोकळ्यांचे गुण लिहिले. ते भरपूर होते.

ही इचलकरंजीतली गोष्ट. मी तेव्हा नववीत होते. आमच्या शाळेनं पहिल्यांदाच रोबोंच्या स्पर्धेत संघ उतरवला होता. सामना एका मिनिटाचा. तेवढ्या वेळात जमतील तेवढे ठोकळे पेटीत टाकायचे आणि शेवटी रोबोला एका लाकडी चढावर नेऊन उभं करायचं. चढावर उभा राहिला तर एकदम मोठे गुण. पण सगळा सामना एकानं चालवायचा नाही, असा नियम होता. चालक दोन. अर्ध्यावर भोंगा व्हायचा आणि त्यानंतर थोड्या वेळात रिमोट पहिल्याकडून दुसऱ्याकडं गेला पाहिजे. नाही गेला तर पुढचे गुण धरत नसत.

सुयश चौगुले त्या थोड्या वेळातला शेवटचा क्षणसुद्धा वापरायचा. नियम कधी मोडायचा नाही, त्यामुळं त्याला कुणी काही म्हणू शकत नव्हतं.

आम्ही चौघं होतो. सुयश, मी म्हणजे शर्वाणी, विराज आणि आलिया मुजावर. बंड्याचा पंजा आलियानं बसवलेला. तो अडकला की आधी तिला हाक जायची. आमचे विज्ञानाचे हुक्केरी सर संघ बघायचे. सर निपाणीकडचे, शांत माणूस. सुरुवातीला त्यांनी सांगितलं होतं की चौघांनीही चालवायचं, दर सामन्याला जोडी बदलायची. कोल्हापूरला जिल्ह्याची फेरी झाली तेव्हा आम्ही तसंच केलं. विराजनं बंड्याला दोनदा मैदानाच्या कडेच्या फळीवर आपटलं आणि आम्ही कसेबसे राज्याच्या फेरीत गेलो. परत आल्यावर मुख्याध्यापक आवटी सरांनी हुक्केरी सरांना बोलावून घेतलं. शाळेचं नाव आहे, जो चांगला चालवतो त्यालाच द्या, पाळ्या कसल्या लावता, असं काहीतरी झालं असणार. दुसऱ्या दिवशी सरांनी चाचणी घेतली. सुयश सगळ्यांच्या खूप पुढं होता. मी दुसरी आले, आलिया माझ्या जरा मागं. तेव्हापासून जोडी ठरून गेली. सुयश पहिला, मी दुसरी. आलिया पाना घेऊन बसायची आणि विराज भोंग्याऐवजी शिट्टी वाजवायचा. खरं सांगायचं तर पाळ्या बंद झाल्याचं मला तेव्हा काही वाईट वाटलं नव्हतं.

वाईट वाटायला लागलं ते नंतर. रोज शाळा सुटल्यावर सराव, आणि रोज तेच. मी सुयशला समजावून सांगितलं. शिट्टी झाली की लगेच दे, निदान बंड्याला मधोमध आणून तरी दे. तो मनापासून हो म्हणायचा आणि पुढच्या सामन्यात परत कोपऱ्यात जायचा. मी चिडले, दोन दिवस बोलले नाही. त्याच्या ते लक्षातही आलं नाही. सरांना सांगितलं. सर त्याला म्हणाले, "अरे, दे की वेळेवर." तो म्हणाला, "देतो की सर. वेळेतच देतो." आणि ते खरंच होतं.

घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, मग तू जरा चपळाई कर.

राज्याची फेरी पुण्यात होती, एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या मोठ्या सभागृहात. आम्ही आदल्या दिवशीच जाऊन राहिलो होतो. आवटी सरही आले होते, सफारी घालून. सकाळी आत गेलो तर तीसेक संघ टेबलं मांडून बसलेले. मुंबईच्या, नाशिकच्या शाळा, सगळ्यांचे एकसारखे टी-शर्ट. आम्ही शाळेच्या गणवेशात. आलियानं टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं, बंड्याला ठेवलं आणि एकेक स्क्रू बघायला घेतला.

प्रत्येक संघाला तीन सामने. तिन्हींची बेरीज करून पहिले तीन संघ दिल्लीला जाणार होते.

पहिल्या सामन्यात सगळं सरावासारखंच झालं. सुयशनं पेटी भरत आणली, प्रेक्षक टाळ्या वाजवायला लागले, भोंगा झाला. मी हात पुढं केला. तो आणखी एका ठोकळ्याच्या मागं गेला. रिमोट मिळाला तेव्हा बंड्या कोपऱ्यात फळीला नाक लावून उभा होता. मी त्याला मागं घेतलं, वळवलं, जमेल तेवढ्या वेगानं पळवलं. चढाच्या पायथ्याशी पोचले आणि वेळ संपली.

बाहेर आलो तर आवटी सर मैदानाभोवतीच्या दोरीपाशीच उभे होते. त्यांनी सुयशच्या पाठीवर हात ठेवला. मग हुक्केरी सरांकडं वळून, मला ऐकू येईल अशाच आवाजात म्हणाले, "मुलगा एवढं करून देतो आणि शेवटी सगळं वाया. त्या मुलीला घाई झेपत नाही. विराजला बघा की लावून."

हुक्केरी सरांनी चष्मा काढून पुसला. मला रडू येत होतं, पण त्याहून जास्त राग येत होता, म्हणून रडले नाही. मी म्हणाले, "सर, मला काढायच्या आधी एकदा उलट करून बघा. मी पहिली, सुयश दुसरा. फक्त एक सामना."

आवटी सरांना ते पटलं नाही. सुयशलाही नाही. पहिल्यांदा कोणते ठोकळे घ्यायचे हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं, असं तो म्हणाला. पण हुक्केरी सर म्हणाले की बघू, आणि जाऊन चालकांचा क्रम बदलून आले.

दुसऱ्या सामन्याला अजून वेळ होता. मी भिंतीला टेकून बसले आणि तेव्हा माझ्या डोक्यात एक विचार आला. मी बंड्याला त्या कोपऱ्यात नेऊन सोडलं तर? भोंगा झाल्यावर आणखी एक ठोकळा, मग आणखी एक, आणि नियमातला शेवटचा क्षण गाठून रिमोट सुयशच्या हातात. बघू दे त्यालाही कसं वाटतं. बघू दे आवटी सरांनाही, तो कसा चढतो ते. मी मनातल्या मनात तो सगळा सामना खेळून बघितला. सुयशचा पडलेला चेहरासुद्धा बघितला. फार बरं वाटलं.

आणि उलट मी सगळं नीट केलं, वेळेवर, चढासमोर आणून दिलं, तर सुयश आरामात चढणार. मग सगळे काय म्हणणार हे मला माहीत होतं.

आलिया शेजारी येऊन बसली. तिनं डब्यातली पोळी माझ्यापुढं केली. मी नको म्हणाले. ती म्हणाली, "पंजा जरा सैल केलाय. पहिल्यांदा हळू मिट, नाहीतर ठोकळा निसटेल." एवढंच बोलली आणि पोळी खात बसली.

सामना सुरू झाला. मी ठोकळे टाकायला लागले. सुयशइतके भराभर नाही, पण एकही निसटला नाही. भोंगा होईल असं वाटलं तेव्हा माझ्या पंजात एक ठोकळा होता आणि कोपऱ्यात दुसरा दिसत होता. मी हातातला पेटीत टाकला आणि बंड्याला मधोमध आणलं. भोंगा झाला. नाक चढाकडं करून मी रिमोट सुयशच्या हातात दिला. का दिला, हे मला आजही नीट सांगता येत नाही. कोपऱ्यात नेणं माझ्या हातून झालं नाही, एवढंच.

सुयशनं जाता जाता आणखी दोन ठोकळे पेटीत टाकले, वळला आणि सरळ चढावर जाऊन उभा राहिला. वर थोडा वेळ शिल्लक उरला. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. तोवरच्या सगळ्या सामन्यांत आमचे गुण सगळ्यात जास्त होते.

आवटी सर जवळजवळ धावतच आले. "बघितलंत हुक्केरी?" ते म्हणाले. "पुढं लावा, मागं लावा, पोरगा सोनं करतो." शेजारच्या संघातल्या बाईंनी सुयशचा फोटो काढला. सुयश लाजून हसत होता. तो मला म्हणाला, "चढ सोपा आहे गं. तू उगाच घाबरतीस."

मला वाटलं, बंड्या उचलावा आणि त्याच्या डोक्यात घालावा.

खरं म्हणजे आमची जोडी आता नीट लागली होती. मी पहिली आणि सुयश दुसरा, हेच पुढं चालू ठेवलं असतं तर प्रश्न मिटला असता. पण तिसऱ्या सामन्याआधी आवटी सरांनी वेगळाच हिशोब मांडला. चढ सोपा आहे हे कळलं, पेटी तर सुयशच भरतो. मग त्याचा मुख्य हात सुरुवातीलाच असू दे, म्हणजे पेटी पूर्ण भरेल. मागून शर्वाणी किंवा विराज, कुणीही चालेल. चढ झाला तर झाला. सुयशलाही पहिलाच व्हायचं होतं. हुक्केरी सर जरा वेळ वाद घालत राहिले. मग माझ्याकडं आले.

"शर्वाणी, दुसरी उभी राहशील ना?" त्यांनी विचारलं. "मला तूच पाहिजेस. विराजला जमायचं नाही."

इतक्या महिन्यांत मी सरांना कधी नाही म्हटलं नव्हतं. मी म्हणाले, "नाही सर. मी दुसरी उभी राहणार नाही."

"आता हट्टाची वेळ आहे का?"

"तो रिमोट देत नाही आणि फुली माझ्या नावावर पडते. मला नाही उभं राहायचं. आलियाला घ्या. ती चाचणीत माझ्या जरा मागं होती."

सर माझ्याकडं बघत राहिले. मला वाटत होतं की ते म्हणतील, बरं, मग तू पहिली. मी खरं तर त्यासाठीच बोलले होते. ते तसं म्हणाले नाहीत. त्यांनी आलियाकडं बघितलं. आलियानं हातातला पाना खाली ठेवला, ओढणीला हात पुसले आणि उठून उभी राहिली. माझा सामना गेला होता, मीच घालवला होता. आणि आता मागं घ्यायला तोंड नव्हतं.

मैदानापाशी दोघा चालकांनाच सोडत. मी दोरीच्या बाहेर उभी राहिले. जोडी ठरल्यापासून मी हे कधी बाहेरून बघितलं नव्हतं. सुयश जरा वाकून उभा होता, जीभ ओठात पकडून. त्याच्या शेजारी आलिया. तिनं हात पुढं केलेला नव्हता. दोन्ही हात खाली सोडून ती मैदानाकडं बघत होती, बंड्याकडंही नाही, चढाकडं.

सुयशनं सुरुवात झकास केली. एकामागून एक ठोकळे पेटीत पडत होते. लोक मोजायला लागले. मी बाहेरून बघत होते आणि मला पुढचं सगळं दिसत होतं. आता भोंगा होणार, तो कोपऱ्यात जाणार, आलिया हात पुढं करून उभी राहणार, आणि सगळ्यांना एकदाचं कळणार की ते माझ्यामुळं होत नव्हतं. मला संघ जिंकायला हवा होता, आणि आलिया अडकायलाही हवी होती. दोन्ही एकदमच हवं होतं.

भोंगा झाला. बंड्या मैदानाच्या मधोमध होता, पंजा रिकामा. सुयशनं त्याला कोपऱ्याकडं वळवलं.

आलियानं रिमोट धरला आणि त्याच्या हातातून काढून घेतला.

बाजारात एखाद्या पोराच्या हातातली पिशवी मोठ्या माणसानं घ्यावी, तसा घेतला. सुयशचे अंगठे हवेत तसेच हलत राहिले. बंड्या क्षणभर थांबला, वळला आणि चढाकडं निघाला. आलिया माझ्यापेक्षा हळू चालवत होती. तिला घाई करायची गरजच नव्हती. पायथ्याशी जाऊन तिनं नाक सरळ केलं, एकदा मागं घेऊन पुन्हा सरळ केलं, आणि बंड्या गुरगुरत वर चढला. वर जाऊन उभा राहिला, तरी वेळ उरला होता.

पंचांनी हिरवा झेंडा दाखवला. म्हणजे सगळं नियमात.

आवटी सरांना ते आवडलं नाही. मुलीनं हिसकावून घेतलं, अजून दोन ठोकळे झाले असते, असं त्यांचं म्हणणं होतं. हुक्केरी सर म्हणाले, "रिमोट या हातातून त्या हातात गेला पाहिजे, एवढाच नियम आहे सर. कुणी द्यायचा, कुणी घ्यायचा, ते कुठं लिहिलंय?" मी हे ऐकलं. नियम मीही वाचला होता. पाठच होता मला.

दुपारी निकाल लागला. आमचा तिसरा नंबर आला. आम्ही दिल्लीला जाणार होतो. विराज नाचत होता, आवटी सर फोनवर कुणाला तरी सांगत होते. मीही टाळ्या वाजवल्या. शेवटच्या सामन्यात मी नव्हते, त्यामुळं त्या टाळ्या दुसऱ्या कुठल्या तरी संघासाठी वाजवाव्यात तशा वाजत होत्या.

मी पाण्याच्या टाकीपाशी तोंड धुवायला गेले. मागून सुयश आला. त्याचा चेहरा जिंकलेल्या मुलाचा नव्हता. तो गोंधळलेला होता.

"शर्वाणी, एक विचारू?" तो म्हणाला. "भोंगा झाला होता?"

"कधी?"

"आलियानं घेतला तेव्हा. खरंच झाला होता?"

मी त्याच्याकडं बघितलं. तो थट्टा करत नव्हता. सुयशला थट्टा करता यायचीच नाही.

"तुला ऐकू आला नाही?"

"मला कधीच नाही येत," तो म्हणाला. "चालवताना मला काहीच ऐकू येत नाही. तू ओरडतीस ना, दुसऱ्यांदा, तेव्हा कळतं."

म्हणजे इतके महिने मी ज्या मुलावर डाफरत होते, ज्याच्याशी दोन दिवस अबोला धरला, ज्याला मनातल्या मनात सगळ्यांसमोर हरवलं होतं, त्यानं माझ्यावर कसली कुरघोडी केलीच नव्हती. त्याला मी शेजारी आहे हेच माहीत नसायचं. राग कुणावर धरायचा तेच कळेना. मी म्हणाले, "रोज वाजतो सुयश. रोज मी हात पुढं करून उभी असते."

त्यानं विचार केला. मग अगदी सरळ मनानं म्हणाला, "मग तू घ्यायचास की."

मी नळ जोरात बंद केला आणि निघून आले. गाडीतही त्याच्याशी बोलले नाही. इचलकरंजी येईपर्यंत मी त्याला मनात उत्तरं देत होते आणि एकही धड जमत नव्हतं. आलिया माझ्या शेजारी बसली होती. तिला मी विचारलं की तुला कसं सुचलं. ती म्हणाली, सुचायचं काय त्यात, तो देत नाही हे रोज दिसत होतं. मग मला का नाही सांगितलंस, मी विचारलं. ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "तुला त्यानं दिलेला पाहिजे होता. मला फक्त रिमोट पाहिजे होता."

तिला ते लागेल असं बोलायचं नव्हतं. पण लागलं.

सोमवारी शाळेत हुक्केरी सरांनी जाहीर केलं की दिल्लीसाठी परत पाळ्या लागतील. आवटी सरांशी बोलून झालंय, असं म्हणाले. काय बोलले ते त्यांनी सांगितलं नाही. तिघं चालक, आलटून पालटून जोड्या, आणि विराजलाही रोज सराव. पहिली पाळी त्यांनी सुयशची आणि माझी लावली. सुयश पहिला, मी दुसरी.

मला नाही म्हणावंसं वाटलं. तोंडापर्यंत शब्द आले होते. मग मी जाऊन सुयशच्या शेजारी उभी राहिले. हात पुढं केला नाही.

विराजनं शिट्टी फुंकली. बंड्या पेटीपासून कोपऱ्याकडं निघाला होता. मी रिमोट धरला आणि ओढला. नको तेवढ्या जोरात ओढला, माझं नख त्याच्या अंगठ्याला लागलं, बारीक रक्त आलं. सुयशनं अंगठ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता भांडेल. भांडला असता तर बरं झालं असतं, माझ्याकडं बोलायला खूप होतं.

त्यानं अंगठा तोंडात घातला आणि चढ मला नीट दिसावा म्हणून एक पाऊल बाजूला सरकला.